जिद्दीचं कौतुक पुरे, सोयीचं बोलू

नागपुरात सकाळी फिरायला निघालेल्यांची गर्दी बघायची तर डिसेंबर-जानेवारीत बघावी. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ, रविनगरचं विद्यापीठाचं मैदान, कुठेही जा, कानटोप्या आणि नवेकोरे बूट दिसतात. होळी झाली की ही गर्दी ओसरायला लागते. लग्नसराईत आणखी पातळ होते, आणि मे महिन्याच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा ठरलेले तेवढेच चेहरे उरतात. उरलेल्यांना आपण जिद्दीचे म्हणतो. गळालेल्यांना आळशी म्हणतो, आणि तेही स्वतःला तसंच समजतात.

ही विभागणी चुकीची आहे आणि तिने लोकांचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तब्येतीच्या बाबतीत वर्षानुवर्षं टिकणारं सातत्य माणसाच्या स्वभावातून फार थोडं येतं. जास्त येतं ते सोयीतून. घरातली सोय, कामाच्या वेळांची सोय आणि शहराने करून दिलेली सोय. ज्याला या तिन्ही मिळाल्या त्याचा व्यायाम टिकतो, आणि आपण त्याच्या मनोबलाचे गोडवे गातो.

आकडे बघितले तर हे लक्षात येतं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे भारतातल्या प्रौढांपैकी पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण २००० साली २२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेलं. बावीस वर्षांत एवढ्या माणसांचा स्वभाव बिघडला, असं मानायचं का? त्याच अभ्यासात पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांचं ५७ टक्के आहे. बायका पुरुषांपेक्षा आळशी असतात, असं ज्याला वाटत असेल त्याने नागपुरातल्या कुठल्याही घरात सकाळी सहा ते नऊ या वेळात बसून बघावं. नळाचं पाणी, दोन डबे, मुलांची शाळा, सासऱ्यांच्या गोळ्या, आणि या सगळ्यातून नऊच्या बसला स्वतः धावणारी ती बाई. तिला मॉर्निंग वॉकचं महत्त्व सांगणारे पुष्कळ भेटतात. तिच्याऐवजी एक डबा भरणारा क्वचित भेटतो.

दुसऱ्या बाजूला आजारांचं चित्र आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यात मधुमेही १० कोटींवर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख, असा अंदाज होता. उंबरठ्यावरच्या या माणसांच्या बाबतीत रोजचं चालणं आणि जेवणाची शिस्त खरोखर फरक पाडते. म्हणून हा विषय कुणाच्या पोटाच्या घेराचा किंवा फोटोचा राहत नाही, सार्वजनिक आरोग्याचा होतो. आणि सार्वजनिक प्रश्नावर ‘ज्याचा तो बघून घेईल’ हे उत्तर चालत नाही.

पन्नास वर्षांपूर्वीचं नागपूर आठवणारी माणसं अजून आहेत. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली. पाळी सुटली की रस्ताभर सायकली आणि पायी चालणारे असायचे. त्या कामगारांना सातत्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही. त्यांनी संकल्प केले नव्हते, पावलं मोजली नव्हती. कामावर जायचं म्हणजे चालत किंवा सायकलने जायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांचे हाल विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. गिरणीतला धूर, कापसाची धूळ, अपुरं खाणं, सगळं होतं. पण हालचाल दिवसाच्या पोटातच होती, ती वेगळी काढून करावी लागत नव्हती. आज कोपऱ्यावरून दूध आणायलाही आपण गाडीला किक मारतो, कारण कोपऱ्यापर्यंत चालायची वाट उरलेली नाही. फुटपाथ असलाच तर त्यावर दुकानाचा फलक, पार्क केलेल्या गाड्या आणि ट्रान्सफॉर्मरची पेटी असते. मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली, चांगली झाली. पण घरापासून स्टेशनपर्यंत सावलीतून सुखाने चालत जाता येईल असे रस्ते किती आहेत, हे मेट्रोने रोज जाणाऱ्यांना विचारावं.

आता माणसाच्या स्वतःच्या हातात काय आहे, त्याकडे येतो. ते थोडं आहे असं मी म्हणणार नाही. पण तिथेही आपण जिद्दीवर जरुरीपेक्षा जास्त भार टाकतो.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ इतवारीत धान्याच्या दुकानात हिशेब बघतात. वय पन्नाशीच्या पुढे. शुगर काठावर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. त्यांनी बूट घेतले, पहाटे पाचचा गजर लावला आणि रोज एक तास चालायला लागले. पंधरा दिवस झाले असतील. मग घरात भाचीचं लग्न निघालं, चार दिवस गोंदियाला गेले, परत आले ते थकून. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. पुढे भेटले तेव्हा बूट दारामागे होते. विचारलं तर म्हणाले, “काय सांगू भाऊ, आपल्याच्यानं होत नाही हे. आपल्यात ते नाहीच.” मला त्यांच्या त्या वाक्याचं वाईट वाटलं. चार दिवसांच्या लग्नाने त्यांच्या शरीराचं काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते ‘एक दिवसही खंड पडता कामा नये’ या समजुतीने.

या समजुतीला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसामाणसांतला फरक प्रचंड होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. एकवीस दिवसांत सवय लागते, हे जे सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते त्यात कुठेच बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. इतवारीच्या त्या गृहस्थांना हे कुणीतरी सोळाव्या दिवशी सांगायला हवं होतं.

दहा हजार पावलांचंही तसंच. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच दहा हजार पावलांवरून ठेवलं होतं. तिथून तो आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तो अभ्यास सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या बायकांचा होता, सगळ्यांना तसाच्या तसा लावता येणार नाही. पण ज्या आजी मोबाईलवर सहा हजारांचा आकडा बघून हिरमुसतात, त्यांना तो नक्की दाखवावा.

म्हणून मी लोकांना मोठं ध्येय ठरवू नका म्हणतो, किमान ठरवा म्हणतो. सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा, म्हणजे घरी पाहुणे आहेत, अंगात कणकण आहे, ऑफिसात वार्षिक हिशेब चालू आहेत, अशा दिवशीही जेवढं होईल तेवढं किमान. दहा मिनिटं चालणं, पाच सूर्यनमस्कार, जिन्याच्या चार चकरा. चांगल्या दिवशी आपोआप जास्त होतं, त्याची चिंता नको. दात घासण्यासाठी आपण प्रेरणा शोधत नाही, व्यायामाचं किमानही तितकंच लहान असावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. त्याआधी अशी अट होती की सलग दहा मिनिटं झाली तरच ती मोजायची. ती अट संघटनेने काढून टाकली. दोन-तीन मिनिटांची हालचालही मोजली जाते. आपल्याकडे ही बातमी पोचायला हवी होती तितकी पोचलेली नाही, कारण अर्धवट केलेल्याला किंमत नाही हे आपल्या मनात फार खोल बसलंय.

जेवणानंतरची शतपावली तर आपल्या घरचीच आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातला २०१३ चा एक छोटा अभ्यास आहे. दहाच माणसं होती, सगळी साठीपुढची, साखर काठावर असलेली. त्यांना एका वेळी सकाळी सलग ४५ मिनिटं चालवलं आणि दुसऱ्या वेळी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं. दिवसभराच्या साखरेवर दोन्हींचा परिणाम सारखाच चांगला होता, आणि रात्रीच्या जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात ठेवायला जेवणानंतरचं चालणं सरस ठरलं. दहा माणसांवरून कायदा करू नये, पण नंतरच्या अभ्यासांचा सूरही त्याच दिशेचा आहे. ज्या बाईला सकाळी तास मिळत नाही, तिला रात्री भांडी आवरल्यावर पंधरा मिनिटं मिळू शकतात. तिला ‘सकाळी चालणं म्हणजेच खरं चालणं’ हे सांगणं बंद झालं पाहिजे.

नागपूरच्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती पुण्या-मुंबईहून आलेल्या सल्ल्यात नसते. इथे बारा महिने एकच वेळापत्रक चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. संध्याकाळी सात वाजता सूर्य मावळतो तरी हवा ४० च्या आसपास असते, आणि दिवसभर तापलेला सिमेंटचा रस्ता रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. सकाळी साडेपाचला उजाडतं, आठला ऊन चटके द्यायला लागतं. म्हणजे बाहेर चालायला पहाटेचे दीड-दोन तास मिळतात, आणि त्या तासांसाठी रात्री दहाला झोपलं पाहिजे. पण रात्रीही तापमान तिशीच्या खाली उतरायला तयार नसतं. कूलरसमोर कूस बदलत बारा वाजतात, मधेच लाईट जाते. अशा माणसाने चारला उठून पाच किलोमीटर पळावं, नाहीतर तो आळशी, हा कुठला न्याय? मिहानमध्ये रात्रपाळी करणाऱ्या पोरांचं काय, किंवा हिंगणा-बुटीबोरीच्या पहिल्या पाळीची बस पकडणाऱ्यांचं काय? सीताबर्डीच्या दुकानात रात्री दहाला शटर ओढणाऱ्या मुलीने पहाट कुठून आणायची?

म्हणून इथलं वर्ष वाटून घ्यावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले खरे चालण्या-पळण्याच्या हंगामाचे दिवस, तेव्हा हवं तितकं करावं. मार्चपासून बाहेरचं कमी करत घरातलं वाढवावं: बैठका, जोर, सूर्यनमस्कार, पाण्याच्या बाटल्या उचलून हातांचा व्यायाम. स्नायूंचा जो व्यायाम आपण एरवी टाळतो, त्याला उन्हाळा हा उत्तम मोसम आहे. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे कमी होत जातात, आणि म्हातारपणी खाली बसून उठता येणं-न येणं त्यांच्यावर ठरतं. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे एप्रिलमध्ये बाहेरगावाहून आलेल्याने पहिल्याच दिवशी जुना वेग धरू नये. आपलं ऊन कोरडं आहे, घाम निघतो तसा उडून जातो आणि किती पाणी गेलं ते कळतच नाही. तहान लागण्याआधी पाणी, ताक, कैरीचं पन्हं घ्यावं. पावसाळा आला की उलट होतं. दमट हवेत घाम वाळत नाही, कूलर निकामी होतो, आणि तापमान कमी असूनही धाप लवकर लागते. तेव्हा आपण कमजोर झालो असं समजायचं कारण नाही, हवा बदललेली असते. उन्हाळ्यात कमी चालणाऱ्याचं सातत्य तुटलं असं मी मानत नाही. त्याने ऋतू ओळखला.

जिममधल्या भिंतींवर ‘नो पेन, नो गेन’ रंगवलेलं असतं. ते वाचलं की मला विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांची आठवण होते. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे बराच आहे, आदिवासी आणि अनुसूचित जातींतल्या घरांत विशेष. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली, इतका तो गंभीर आहे. शरीरातलं पाणी कमी झालं, उन्हात अति श्रम झाले, तर या रुग्णांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनीही हालचाल करायची असते, पण डॉक्टरांना विचारून, थांबत थांबत, पाणी पीत. शाळेच्या मैदानावर मागे पडणाऱ्या एखाद्या पोराला ‘कामचोर’ म्हणून आणखी दोन फेऱ्या मारायला लावणारे शिक्षक मी बघितले आहेत. त्या पोराच्या रक्तात काय आहे हे कुणाला ठाऊक नसतं. दम लागला की थांबणं ही अक्कल आहे, हे मुलांना शिकवलं पाहिजे आणि मोठ्यांनाही.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे खूप आहेत. रविवारी फिरून आल्यावर तर्री-पोहे खाल्ले म्हणून आठवड्याचं चालणं वाया जात नाही, आणि सावजीच्या एका जेवणाने कुणी आजारी पडत नाही. फरक पडतो तो रोजच्या ताटाने. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि वरण दाट ठेवलेलं, एवढं आपल्या स्वयंपाकघरात आहेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये १७ आहारसूत्रं सांगितली. त्यात मीठ कमी करणं आहे आणि प्रोटीनच्या डब्यांपासून दूर राहणंही आहे. या दोन सूचना नागपूरच्या घरांत पोचल्या तरी पुष्कळ होईल.

आता शहराकडे.

मे महिन्यातली रात्र. एका ले-आऊटमधली बाग. साडेआठला लोक जेवण आटोपून बाहेर यायला लागतात, कारण त्याआधी बाहेर पडवतच नाही. बायकांचा एक घोळका चकरा मारतो आहे, दुपट्टे कमरेला बांधलेले, मध्ये एकीच्या हाताला धरून तिची सासू. ग्रीन जिमच्या यंत्रांपैकी एक फिरतं, दुसऱ्याचं बेअरिंग गेलंय, तिसऱ्याचा पाय ठेवायचा पत्राच नाही. नऊ वाजायला पाच मिनिटं असताना चौकीदार शिट्टी फुंकतो. “चला ताई, गेट लावून राहिलो.” “भाऊ, दोनच चकरा राहिल्या.” “माझ्या हातात नाही ना ताई, वरून टाईम ठरलेला हाय.” आणि बायका निघतात. बाहेर रस्त्यावर चालायचं तर दिवे अर्धे बंद, कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी, मागून येणारी मोटारसायकल जवळून गेली की हात आपोआप गळ्याकडे जातो. सासूबाई म्हणतात, “राहू दे आता, घरी चल.” त्या दिवसाचा व्यायाम असा संपला. तो कुणाच्या आळसाने संपला? चौकीदाराचा तर दोष नाहीच.

उन्हाळ्यात बागेची वेळ हिवाळ्यासारखी ठेवायची, हा आपल्या नियोजनातला साधा अडाणीपणा आहे. मार्च ते जून पहाटे साडेचार ते रात्री अकरा अशी वेळ ठेवायला काय लागतं? दिवे लागतात आणि एका जास्तीच्या चौकीदाराची पाळी लागते. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे नागपूरनेही त्या वाटेने जात स्वतःचा हीट ॲक्शन प्लॅन आणला. त्याचा रोख लोकांना उष्माघातापासून वाचवण्यावर आहे, आणि तो तसाच असायला हवा. पण वर्षातले साडेतीन महिने जिथे दिवसा बाहेर पडणं धोक्याचं, तिथे त्या महिन्यांत माणसांनी शरीर हलवायचं कुठे आणि केव्हा, हाही आराखड्याचाच भाग असला पाहिजे.

सावलीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. सिव्हिल लाइन्समध्ये जुनी झाडी आहे, रामदासपेठ-धरमपेठेत अजून कडुनिंब आणि गुलमोहर टिकून आहेत. पारडी, कळमना, टिमकी, यशोधरानगर या भागांत सलग अर्धा किलोमीटर सावली शोधून दाखवावी. जिथे घरं लहान, कामं अंगमेहनतीची आणि खिसे रिकामे, तिथेच झाड कमी, हे आपल्या शहराचं वास्तव आहे. मग पश्चिम नागपूरचा निवृत्त अधिकारी सत्तरीत तुकतुकीत दिसतो आणि पूर्वेकडचा माणूस पंचावन्नाव्या वर्षी गुडघे धरून बसतो. त्यात जिद्दीचा भाग किती आणि झाडांचा किती, हे प्रामाणिकपणे विचारावं. अजनीवनातली झाडं वाचवायला नागपूरकर २०२१ च्या सुमारास रस्त्यावर आले होते. त्यांना पर्यावरणवादी म्हणून बाजूला सारणं सोपं होतं. माझ्या लेखी ती आरोग्याची चळवळ होती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ज्याला करायचं तो कुठेही करतो. नागपूरचेच डॉ. अमित समर्थ बघा, म्हणतात. अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने ओलांडायची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ त्यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली, आणि दुसऱ्याच वर्षी रशियातली नऊ हजार किलोमीटरवरची शर्यतही. याच उन्हात, याच रस्त्यांवर सराव करून. मला त्यांचा मनापासून अभिमान आहे. पण असाधारण माणसाकडे बोट दाखवून साधारण माणसाची सोय नाकारता येत नाही. एखादा मुलगा दिव्याखाली बसून शिकला आणि कलेक्टर झाला म्हणून आपण गावाला वीज नको म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शहर सुधारेपर्यंत थांबायचं का, दोष व्यवस्थेवर ढकलून माणूस मोकळा होणार नाही का? होऊ शकतो. म्हणून तर वर किमान सांगितलं, जे दोन खोल्यांच्या घरातही होतं. पण घरातल्या चटईवर सगळं भागेल असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की माणूस एकट्याने फार दिवस व्यायाम करत नाही. आपल्या विदर्भाला हे पूर्वीच कळलं होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं आणि १९३६ मध्ये तिथली मुलं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आली. नागपूरच्या महाल-इतवारीत गल्लोगल्ली आखाडे आणि व्यायामशाळा होत्या. तिथे काय होतं? जागा ठरलेली, वेळ ठरलेली, फी नगण्य, आणि दोन दिवस आला नाहीस तर तिसऱ्या दिवशी घरी येऊन “काहून रे, बरं नाही का?” असं विचारणारे वस्ताद. मोबाईलवरच्या आठवणीला माणूस गप्प करतो, दारात उभ्या असलेल्या वस्तादाला करता येत नाही. त्या आखाड्यांत मुलींना बहुतेक ठिकाणी जागा नव्हती, हा त्यांचा मोठा दोष. तो टाळून तीच रचना पुन्हा उभी करता येते.

त्यासाठी नवी जमीन लागत नाही. शहरात शाळांची मैदानं आहेत, सरकारी आणि खासगी, जवळजवळ प्रत्येक वस्तीपासून चालत जाता येईल अशी. पहाटे पाच ते साडेसहा आणि रात्री आठ ते दहा ती कुलूपबंद असतात. ती वस्तीला उघडून द्यावीत, ही माझी मागणी आहे, आणि त्यात रात्रीचा एक तास फक्त बायकांसाठी असावा. मुख्याध्यापकांची भीती खरी आहे: कुणी पडलं-धडपडलं तर जबाबदार कोण, रात्री दारुडे घुसले तर काय, सकाळी मैदानात कचरा सापडला तर कुणाला धरायचं. म्हणून सरसकट फाटक उघडू नये. वस्तीतल्या लोकांची नावनोंदणी व्हावी, प्रत्येकाला ओळखपत्र असावं, नियम पाळले नाहीत तर वस्तीशी केलेला करार संपवायचा अधिकार शाळेकडे असावा, आणि अपघाताची जबाबदारी शाळेवर येणार नाही असा लेखी नियम शिक्षण विभागाने काढावा. दिव्यांचं बिल पालिकेने भरावं. चौकीदाराच्या जास्तीच्या पाळीचा पगार तेवढा राहतो. तो वस्तीला भरायला सांगितला तरी लोक भरतील. गणपतीला आणि देवीला घरटी जी वर्गणी आपण काढतो, तिच्या एका छोट्या हिश्शात वर्षभराची ती पाळी निघते. येत्या उन्हाळ्याआधी एका वॉर्डातल्या चार शाळांपासून सुरुवात करता येईल.